विल्यम टेंपल यांचं ‘ख्रिश्चॅनिटी अँड सोशल ऑर्डर’: बडोद्याच्या वाचनमंडळांनी कोणती प्रत घ्यावी, कशी वाचावी

समाजसुधारणेत धर्मसंस्थेनं पडावं का, आणि पडायचं तर कुठपर्यंत, एवढ्या एकाच प्रश्नाला वाहिलेलं हे पुस्तक आहे. शंभराच्या आतबाहेर पानं, सात प्रकरणं, शेवटी एक परिशिष्ट. १९४२ साली ते पेंग्विनच्या स्वस्त मालिकेत निघालं, तेव्हा लेखक विल्यम टेंपल यॉर्कचे आर्चबिशप होते. त्याच वर्षी ते कँटरबरीला गेले, म्हणजे अँग्लिकन पंथातल्या सर्वोच्च पदावर. ऐन युद्धात, कागदाची टंचाई असताना, त्याच्या लाखभराहून जास्त प्रती खपल्या.

आमचं मत आधीच सांगतो. बडोद्यातली मराठी वाचनमंडळं, चर्चमधले तरुण गट, एखादा ट्रस्ट किंवा वसतिगृह चालवणारी मंडळी, महाराजा सयाजीराव विद्यापीठातले समाजकार्याचे विद्यार्थी, या सगळ्यांनी हे पुस्तक जरूर घ्यावं. मात्र मिळेल ती प्रत घेऊ नये, आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत जाऊ नये. या दोन गोष्टी चुकल्या की पुस्तक एक तर कंटाळवाणं वाटतं, नाही तर पक्षाच्या जाहीरनाम्यासारखं.

लेखकाची थोडी ओळख हवी, कारण पुस्तकाचा कस त्यांच्या कामातून येतो. टेंपल यांचा जन्म १८८१ चा. वडील फ्रेडरिक टेंपल हेही कँटरबरीचे आर्चबिशप होते; बापलेक दोघंही त्या पदावर बसल्याचं इंग्लंडच्या इतिहासातलं हे एकमेव उदाहरण. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक आर. एच. टॉनी हे त्यांचे शाळेपासूनचे मित्र. १९०८ ते १९२४ अशी सोळा वर्षं टेंपल कामगार शिक्षण संघाचे अध्यक्ष होते. १९२१ ला मँचेस्टरचे बिशप झाले, १९२९ ला यॉर्कचे आर्चबिशप. १९२४ साली बर्मिंगहॅमला राजकारण, अर्थकारण आणि नागरिकत्व यांवर ख्रिस्ती मंडळींची मोठी परिषद भरली. हजाराहून जास्त प्रतिनिधी आले होते आणि अध्यक्ष टेंपल होते. १९३३ साली त्यांच्या पुढाकारानं दीर्घ बेकारीची पाहणी सुरू झाली. डेप्टफर्ड, लेस्टर, ऱ्होंडा, क्रुक, लिव्हरपूल आणि ब्लॅकबर्न या सहा ठिकाणी फिरून केलेल्या त्या पाहणीचा अहवाल १९३८ ला निघाला. बेकार माणसाला पैशाच्या चणचणीइतकंच, किंबहुना जास्तच, ‘आपली कुणाला गरज नाही’ हे खातं, असं टेंपल या पुस्तकात लिहितात. त्या वाक्यामागे ही पाहणी उभी आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये, जेमतेम अडीच वर्षं कँटरबरीला काढून, ते वारले.

पहिलं प्रकरण सगळ्यांनी सोबत वाचण्याचं आहे. सुरुवातीलाच १९२६ च्या कोळसा संपाचा प्रसंग येतो. काही बिशपांनी सरकार, खाणमालक आणि खाणकामगार यांना एकत्र बसवायचा प्रयत्न केला. टेंपलही त्यांत होते. पंतप्रधान बाल्डविन यांनी विचारलं, ‘अथनेशियसचा विश्वासांगीकार (ख्रिस्ती श्रद्धेचं जुनं अधिकृत सूत्र) दुरुस्त करायचं काम मी लोखंड-पोलादवाल्यांच्या संघाकडे सोपवलं, तर बिशपांना कसं वाटेल?’ हा टोमणा लोकांना आवडला, आणि टेंपल तो लपवत नाहीत. उलट तिथूनच ते उत्तराला सुरुवात करतात. धर्मसंस्थेला बोलायचा हक्क का आहे, याची चार कारणं ते देतात. माणसं दुःखात आहेत, त्यांची कणव हे पहिलं. समाजाची आर्थिक घडीच माणसाचं चारित्र्य घडवते किंवा बिघडवते, आठवडाभर कारखाना जे शिकवतो ते रविवारच्या एका तासात पुसता येत नाही, हे दुसरं. त्या घडीला न्यायाच्या नावानं आव्हान दिलं जातंय, ते ऐकणं भाग आहे, हे तिसरं. आणि चौथं, वस्तूंचा जो नैसर्गिक क्रम आहे त्याला धरून चालणं. हे चौथं कारण पहिल्या वाचनात कळत नाही. सहाव्या प्रकरणात ते उलगडतं, म्हणून तिथे अडून बसू नये.

पुस्तकाचा गाभा दुसऱ्या प्रकरणात आहे, आणि तो एका पुलाच्या उदाहरणात मावतो. पूल बांधायचा असेल तर धर्मसंस्थेनं इंजिनियरला बजावावं की पूल खरोखर सुरक्षित असला पाहिजे, ते तुझं कर्तव्य आहे. पण त्यानं काढलेला आराखडा सुरक्षित आहे की नाही, हे सांगायचा अधिकार धर्मसंस्थेला नाही. ते ज्ञान इंजिनियरचं. तत्त्व सांगणं संस्थेचं काम, योजना आखणं त्या त्या विषयातल्या जाणकारांचं. संस्थेतली माणसं मात्र नागरिक म्हणून योजनेच्या बाजूनं किंवा विरुद्ध पडू शकतात, मतदान करू शकतात, पक्षात जाऊ शकतात. टेंपल स्वतः काही वर्षं मजूर पक्षाचे सभासद होते.

बडोद्यात हे उदाहरण वाचताना कुणाच्याही डोळ्यांपुढे पादरा गावाजवळचा गंभीरा पूल येईल. ९ जुलै २०२५ ला महीसागर नदीवरचा तो पूल मधोमध तुटला, वाहनं खाली नदीत गेली, अनेकांचे जीव गेले. अशा वेळी टेंपल यांची वाटणी अपुरी वाटते. ‘पूल सुरक्षित हवा’ हे तत्त्व सगळ्यांना मान्यच असतं. आराखड्याचं गणित सामान्य माणसाला कळत नाही, हेही खरं. पण या दोहोंच्या मध्ये बरंच काही असतं: तपासणी किती दिवसांनी व्हायची, तिचा अहवाल कुठे पाहायला मिळतो, दुरुस्तीचा शेरा पडल्यावर वाहतूक थांबवायचा हुकूम कुणी द्यायचा. हे प्रश्न विचारायला इंजिनियर असावं लागत नाही. टेंपल यांच्या काळात ख्रिस्ती एकीकरणाच्या चळवळीतले जे. एच. ओल्डम यांनी नेमकी हीच मधली जागा हेरली होती. १९३७ च्या, वेगवेगळ्या देशांतल्या चर्चच्या ऑक्सफर्ड परिषदेच्या तयारीत त्यांनी ‘मधली सूत्रं’ अशी कल्पना मांडली. तत्त्वाइतकी ढोबळ नाहीत, योजनेइतकी बारीक नाहीत, पण दिशा पक्की करतात अशी विधानं. टेंपल यांच्या सातव्या प्रकरणातली सहा उद्दिष्टं याच जातीची आहेत. वाचनमंडळानं दुसरं प्रकरण वाचताना पाटीवर तीन रकाने आखावेत: तत्त्व, मधलं सूत्र, योजना. मग बडोद्यातल्या विश्वामित्री नदीचा पूर घ्यावा. ‘दर पुरात गरिबांचीच घरं बुडतात, हे चालणार नाही’ हे तत्त्व. ‘नदीपात्रातलं आणि काठावरचं बांधकाम नोंदवून ती नोंद लोकांपुढे ठेवली पाहिजे’ हे मधलं सूत्र. पात्र रुंद करायचं, वळवायचं, की वरच्या बाजूला पाणी अडवायचं, ही योजना. पहिल्या दोन रकान्यांवर मंडळाचं मत होऊ शकतं. तिसऱ्यासाठी जलविज्ञानाचा माणूस बोलवावा, आणि तो बोलत असताना बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत, उत्तरं देऊ नयेत.

चौथ्या आणि पाचव्या प्रकरणांत तत्त्वं येतात. मूळ तत्त्वं दोन: ईश्वर आणि त्याचा हेतू; माणूस, त्याची प्रतिष्ठा आणि त्याची शोकांतिका. त्यांतून निघणारी तीन: स्वातंत्र्य, सामाजिक सहभाग, सेवा. मूळपापाचा विचार टेंपल फार सोप्या भाषेत मांडतात. प्रत्येक जण स्वतःला जगाच्या मध्यभागी धरून पाहतो, आणि मध्यभागी तो नसतो. बिघाड तिथे आहे. यातून ते जो व्यावहारिक निष्कर्ष काढतात तो समाजकार्य करणाऱ्या प्रत्येकानं वाचावा. लोक निव्वळ चांगुलपणावर चालतील असं धरून केलेला कायदा फसतो. न्यायाला जे हवं तेच माणसाला स्वतःच्या हितापोटी करावंसं वाटेल अशी रचना करणं, ही राज्यकारभाराची कला. भोळा आशावाद या पुस्तकात नाही, आणि म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

सहावं प्रकरण अवघड आहे. मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस याच्या वळणानं टेंपल विचारतात: वस्तू कशासाठी बनवायच्या? माणसांच्या गरजा भागवण्यासाठी. पैसा कशासाठी? वस्तू बनवणं सोपं व्हावं म्हणून. म्हणजे पैसा उत्पादनाच्या सेवेला आणि उत्पादन उपभोगाच्या सेवेला, असा क्रम. प्रत्यक्षात तो उलटला आहे, वस्तू नफ्यासाठी बनते आणि गरज मागे पडते, हे त्यांचं म्हणणं. गटात एखादा हिशेबनीस किंवा छोटा कारखानदार असेल तर हे प्रकरण त्याच्याकडे द्यावं. नफ्याशिवाय कारखाना टिकत नाही, हे तो लगेच सांगेल, आणि ते बरोबर आहे. टेंपल नफा नको म्हणत नाहीत, तो कोणत्या क्रमावर बसतो ते विचारतात. हा फरक चर्चेत सुटला तर ते प्रकरण तिथेच वाया जातं.

आता सहा उद्दिष्टं. थोडक्यात अशी: (१) प्रत्येक मुलाला सभ्य, प्रतिष्ठेचं घर असलेलं कुटुंब; (२) प्रत्येक मुलाला वयात येईपर्यंत त्याच्या कलानुसार शिक्षण; (३) घर चालवता येईल आणि मुलं वाढवता येतील इतकं खात्रीचं उत्पन्न; (४) आपल्या श्रमावर चालणाऱ्या धंद्याच्या कारभारात कामगाराला आवाज; (५) रोज पुरेशी फुरसत, आठवड्यात दोन दिवस विश्रांती आणि नोकरदाराला वर्षातून पगारी रजा; आणि (६) उपासना, भाषण, सभा, संघटना यांचं स्वातंत्र्य.

ही यादी आपल्या राज्यघटनेशेजारी ठेवून वाचली की बैठकीत जान येते. कलम ४३ कामगाराला निर्वाहाचं वेतन आणि फुरसतीचा पुरता उपभोग देण्याची दिशा दाखवतं: टेंपल यांचं तिसरं आणि पाचवं. कलम ४३ क उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचं, ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनं आलं: चौथं. शिक्षणासाठी मूळचं कलम ४५, आणि २००२ च्या दुरुस्तीनं आलेलं, सहा ते चौदा वयाचा हक्क देणारं २१ क: दुसरं, पण टेंपल यांच्या मागणीपेक्षा वयानं बरंच आखूड. स्वातंत्र्यांना १९ आणि २५. घराचा मात्र मार्गदर्शक तत्त्वांत स्वतंत्र उल्लेख नाही, आणि टेंपल घर पहिल्या क्रमांकावर ठेवतात. का, यावर अर्धा तास चर्चा सहज होते. दोन दिवसांच्या विश्रांतीचंही तसंच: १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याला एकच सुट्टी सक्तीची केली. गटातल्या मंडळींनी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणाऱ्यांना प्रत्यक्षात किती मिळते ते विचारून यावं. आणखी एक साम्य सांगायला विसरू नये. कलम ३७ प्रमाणे मार्गदर्शक तत्त्वं कोर्टात बजावून घेता येत नाहीत, पण कायदे करताना ती डोळ्यांपुढे ठेवणं राज्याचं कर्तव्य आहे. टेंपल यांची उद्दिष्टंही अगदी अशीच चालतात.

पुस्तकाची सर्वांत मोठी उणीव बडोद्यातच नीट दिसते. टेंपल ‘सामाजिक सहभाग’ म्हणतात तेव्हा कुटुंब, गाव, कामगार संघ, चर्चची मंडळी हे गट माणसाला आधार देतात, असं गृहीत धरतात. गटच माणसाला बाहेर ठेवत असेल तर काय, याचं उत्तर या पानांत नाही. १९१७ साली डॉ. आंबेडकर बडोदे संस्थानाच्या नोकरीवर रुजू व्हायला इथे आले. महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत शिकलेला हा माणूस, पण शहरात राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत काही दिवस काढले, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि त्यांना सामानासह बाहेर पडावं लागलं. घरं कमी होती म्हणून हे झालं नाही. घर होतं, माणूस नको होता. टेंपल यांचं पहिलं उद्दिष्ट इथे तोकडं पडतं, कारण ते टंचाईचा विचार करतं, नकाराचा करत नाही. आजही भाड्यानं घर शोधताना नाव, आडनाव, धर्म विचारला जातो तिथे हाच प्रश्न आहे. हे प्रकरण शिकवणाऱ्यानं ही उणीव झाकू नये. ती समोर ठेवली तरच पुस्तक आपल्या कामाचं होतं.

दुसरी बाजूही याच शहरात आहे. सयाजीरावांनी १८९३ ला अमरेली भागात सक्तीचं प्राथमिक शिक्षण करून पाहिलं आणि १९०६ ला संस्थानभर नेलं. अंत्यजांच्या शाळांना सवर्ण हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. तत्त्व राजाचं, हुकूम राजाचा, पैसा राजाचा, तरी अडलं ते शिक्षकापाशी. तत्त्व आणि योजना यांच्यात किती अंतर असतं हे दाखवायला टेंपल यांच्या इंग्रजी उदाहरणांपेक्षा हे जास्त उपयोगी पडतं.

दुसरी उणीव: साम्राज्य. पुस्तक निघालं ते १९४२ साल, आणि भारताचा विचार त्यात जवळजवळ नाहीच. ही बाजू भरून काढायला चार्ल्स फ्रीअर अँड्र्यूज यांचं काम सोबत ठेवावं. तेही अँग्लिकन धर्मगुरू, त्याच ख्रिस्ती सामाजिक चळवळीत केंब्रिजला घडलेले. भांडवल आणि श्रम यांच्या झगड्याशी ख्रिस्ती धर्माचं नातं काय, यावर त्यांनी विद्यार्थिदशेतच निबंध लिहिला होता. १९०४ ला ते दिल्लीला आले. १९१५ आणि १९१७ ला फिजीत जाऊन त्यांनी गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या हिंदी मजुरांची, हलाखी स्वतः पाहिली, लिहून काढली, आणि ती वेठ बंद पाडण्यात त्यांचा मोठा वाटा राहिला. टेंपल पदावरून बोलले, अँड्र्यूज मजुरांच्या बराकीत जाऊन. दोघांना शेजारी ठेवल्यावर धर्मसंस्थेच्या कामाच्या दोन्ही वाटा दिसतात.

तिसरी गोष्ट उणीव नाही, संदर्भाचा फरक आहे. चर्च ऑफ इंग्लंड हे कायद्यानं प्रस्थापित चर्च. दोन आर्चबिशप धरून सव्वीस बिशप लॉर्ड्स सभागृहात बसतात. टेंपल ‘चर्च’ म्हणतात तेव्हा त्यामागे हे वजन आहे. आपल्याकडे अँग्लिकन मंडळ्या २९ नोव्हेंबर १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाल्या आहेत. बडोद्यात ज्यांची वस्ती मोठी आहे ते मेथॉडिस्ट त्या एकीकरणात आले नाहीत, त्यांचं चर्च वेगळं राहिलं. चर्चेला पाळक बोलावताना हे ठाऊक असावं, नाहीतर बिशपांच्या अधिकाराविषयी उगाच गैरसमज होतात. ख्रिस्तेतर गटानं ‘चर्च’च्या जागी आपली संस्था धरून वाचलं तरी युक्तिवाद टिकतो. फक्त चौथ्या प्रकरणातली ईश्वरविषयक पानं गाळू नयेत. माणसाची प्रतिष्ठा टेंपल तिथूनच काढतात. ती गाळली तर पुढची तत्त्वं अधांतरी राहतात.

परिशिष्टाकडे वळू, कारण प्रत निवडताना सगळा घोटाळा इथेच होतो. परिशिष्टात टेंपल प्रत्यक्ष कार्यक्रम सुचवतात: घरबांधणीसाठी अधिकार असलेले आयुक्त, मुलांसाठी कुटुंबभत्ता, अठरा वर्षांपर्यंत कोणत्या ना कोणत्या स्वरूपात शिक्षण, कंपनीच्या संचालक मंडळावर कामगारांचे प्रतिनिधी, गुंतवलेल्या भांडवलाचा हक्क काळानुसार कमी होत जाणं, इमारतीऐवजी जमिनीच्या किमतीवर कर. हस्तलिखित त्यांनी टॉनी आणि अर्थशास्त्रज्ञ केन्स यांच्याकडून तपासून घेतलं होतं. आणि तरीही ते बजावतात की हा कार्यक्रम माझा, चर्चचा नव्हे. चर्चच्या सभेत कुणी हा चर्चचा कार्यक्रम म्हणून ठराव आणला तर आर्चबिशप म्हणून मीच त्याला सर्व शक्तीनं विरोध करीन. सुधारकाच्या तोंडी असं वाक्य क्वचितच सापडतं. ते वाक्य आणि परिशिष्ट एकत्र वाचल्याशिवाय पुस्तक पुरं होत नाही.

बाजारात तीन प्रकारच्या प्रती मिळतात. पहिली १९४२ ची पेंग्विन, जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याकडे. दुसरी १९७६ ची आवृत्ती: ब्रिटनचे माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ यांचं प्रास्ताविक, धर्मशास्त्राचे अभ्यासक रोनाल्ड प्रेस्टन यांची प्रस्तावना. तिसरी म्हणजे मागणीप्रमाणे छापून देणाऱ्यांची नवी पुनर्मुद्रणं. गटासाठी आमची पसंती १९७६ च्या आवृत्तीला आहे. प्रेस्टन यांची प्रस्तावना टेंपल कुठे चुकले तेही मोकळेपणानं सांगते. मात्र ती शेवटी वाचावी, आधी नको. नव्या पुनर्मुद्रणांत स्कॅनवरून अक्षरओळख करून मजकूर उचललेला असतो. त्यात उपशीर्षकं मजकुरात मिसळतात, तळटीपा वाक्याच्या मध्ये घुसतात, आणि कधी कधी परिशिष्टच गळतं. घेण्यापूर्वी अनुक्रमणिकेचा फोटो मागवा: सात प्रकरणं आणि परिशिष्ट दिसलं तरच पैसे द्या. गटात वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या तर पान क्रमांक जुळत नाहीत. पहिल्याच बैठकीत प्रत्येक प्रकरणातल्या परिच्छेदांना पेन्सिलीनं आकडे घाला आणि ‘पाचवं प्रकरण, नववा परिच्छेद’ असंच बोला.

पेंग्विनची जुनी प्रत हाती आली तर कणा आधी पाहा. युद्धकाळातल्या बऱ्याच प्रती तारेच्या पिनांनी जोडल्या आहेत. आपल्या पावसाळ्यात पिना गंजतात, गंज कागदात उतरतो, आणि पिनेभोवतीचा कागद बोट लागताच तुटतो. पिनेचे पाय आतून बोथट पातीनं हळूच उभे करा, पीन मागून ओढा, त्याच भोकांतून सुती दोरा ओवून बांधा. सेलोटेप लावू नका. कालांतरानं पिवळा डाग पडतो आणि पान त्याच रेषेवर फाटतं. ही प्रत झेरॉक्सच्या काचेवर पालथी दाबायची नाही. पुस्तक काटकोनात उघडं ठेवून एकेका पानाचा फोटो घ्यावा.

बैठकांसाठी नवी पद्धत शोधायची गरज नाही. टेंपल ज्या संघाचे अध्यक्ष होते त्याच्या वर्गांची रीत उत्तम आहे. १९०८ साली टॉनी यांनी लाँग्टन आणि रॉचडेल इथे असे वर्ग सुरू केले: जास्तीत जास्त तीस जण, आठवड्याला दोन तास, पहिला तास मांडणी, दुसरा चर्चा, वर्षाला चोवीस बैठका, तीन वर्षं, आणि पंधरवड्याला एक निबंध. या पुस्तकाला आठ बैठका पुरतात. क्रम असा ठेवा: पहिलं, मग चौथं, पाचवं, त्यानंतर दुसरं, सहावं, सातवं, आणि शेवटच्या दोन बैठका परिशिष्टाला. तिसरं प्रकरण घरी वाचावं. व्याजबंदीपासून सोळाव्या शतकातल्या कॅल्व्हिन या धर्मसुधारकापर्यंतचा इतिहास त्यात ठासून भरलाय. क्रमानं वाचणारे गट तिथेच ढेपाळतात आणि उपस्थिती गळते. उलट, परिशिष्टापासून सुरुवात केली तर पहिल्याच दिवशी पक्षांवरून वाद पेटतो. चर्चा चालवणाऱ्यानं एक नियम कडक ठेवावा: बोलायला उठणाऱ्यानं आधी सांगायचं की आपण तत्त्व बोलतोय, मधलं सूत्र बोलतोय की योजना.

सातव्या बैठकीला १९४४ च्या शिक्षण कायद्याची हकिगत जोडावी, कारण पुस्तकात ती असणं शक्यच नव्हतं. शिक्षणमंत्री बटलर यांनी टेंपल यांच्यापुढे चर्चच्या शाळांच्या पडक्या इमारतींची स्थिती ठेवली. तोडगा असा निघाला: शाळेची दुरुस्ती अर्ध्या खर्चानं उचलायची तयारी असेल तर चर्चचा ताबा आणि धर्मशिक्षण कायम, नसेल तर सगळा खर्च स्थानिक शिक्षण खात्याचा, कारभारात त्याचं बहुमत, आणि पंथाचं शिक्षण आठवड्याला फार तर दोन तासिका. चर्चमधल्या अनेकांना हे सोडून देणं वाटलं. टेंपल यांनी ते मान्य करवून घेतलं, कारण सर्व मुलांना माध्यमिक शिक्षण हे उद्दिष्ट त्यांना शाळांच्या मालकीपेक्षा वरचं होतं. बडोद्यात अनुदानित शाळा चालवणाऱ्या ट्रस्टच्या माणसाला या बैठकीला अवश्य बोलवा.

शेवटी हक्कांचा आणि छपाईचा हिशेब. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो. टेंपल १९४४ ला गेले, म्हणजे १ जानेवारी २००५ पासून त्यांचा मजकूर मोकळा आहे. छायाप्रती काढणं, मराठीत अनुवाद करणं, छापणं, कशालाही परवानगी लागत नाही. सयाजी साहित्यमालेनं भाषांतरांची एवढी परंपरा घालून दिलेल्या शहरात हे काम कुणीतरी अंगावर घ्यावं, ही आमची मनापासूनची इच्छा आहे. हीथ आणि प्रेस्टन यांचा मजकूर मात्र अजून हक्कात आहे. १९७६ च्या आवृत्तीतून ती पानं छापू नका. पेंग्विनच्या पानांच्या फोटोंवरून छायाप्रत काढायची तर पान मूळ आकाराच्या ११५ टक्के केलं की ए-फोरच्या अर्ध्यात नीट बसतं. एका कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून चार पानं, म्हणजे शहाण्णव पानांना चोवीस कागद. चोवीस कागद एकाच घडीत पिनले तर मधली पानं बाहेर येतात, म्हणून आठ-आठ कागदांचे तीन जुडगे करून दोऱ्यानं शिवा. परिच्छेदांचे आकडे मूळ पानावर आधी घाला, मगच प्रती काढा. आणि परिशिष्ट या शिवणीत घेऊ नका. त्याची वेगळी पुस्तिका बांधून सातव्या बैठकीच्या दिवशी वाटा.